कलम 233 आणि मगरीच्या तोंडातून परतलेली रेखा

माझ्या मावशीने व्हॉट्सॲपवर फिरणारं एक ढकलपत्र माझ्या भाचीला पाठवलं आणि खाली लिहिलं, "बघ, मुलीने असं असावं." भाची हॉस्टेलवर राहते, वय एकोणीस. तिने ते एक अक्षरही न लिहिता माझ्याकडे सरकवलं. तोवर ऑफिसच्या ग्रुपवरही ते येऊन गेलं होतं, हात जोडलेल्या इमोजीसकट. मावशीला फोनवर समजावता येत नाही. ती आधी माझ्या तब्येतीची चौकशी करते आणि मुद्दा कुठल्या कुठे जातो. म्हणून हे लिहून काढते आहे.

ढकलपत्रात वर रेखा, श्रीदेवी, उर्मिला मातोंडकर, विद्या बालन यांच्या फोटोंचं कोलाज आहे, मागे ज्वाळा. खालचा मजकूर थोडक्यात असा: पूर्वीची हिंदी नायिका नुसती रडायची, 2012 नंतर ती वाघीण झाली. ती कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच्या अपमानाचा सूड घेते. या सिनेमांमुळेच देशातले कायदे कडक झाले. आता कलम 233 नुसार अत्याचार करणाऱ्याला ठार मारण्याचा मुलीला अधिकार आहे आणि तिच्यावर खुनाचा गुन्हा लागत नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: जिच्यावर खरोखर अन्याय झालाय ती गप्प बसत नाही, जी गप्प बसते तिच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय.

आधी एक सांगून टाकते. मला सूडपट आवडतात. 'खून भरी मांग'मध्ये रेखाला मगरीपुढे ढकलणारा कबीर बेदी शेवटी स्वतः मगरींच्या तावडीत सापडतो तेव्हा मी आजही टाळी वाजवते. तेव्हा 'हिला सिनेमाच कळत नाही' हा शेरा कृपया राखून ठेवा.

पहिला मुद्दा चटकन उरकते. 2012 नंतर वाघीण? 'हंटरवाली' 1935 चा आहे. वाडिया मूव्हीटोनच्या त्या सिनेमात फिअरलेस नादिया तोंडावर बुरखा चढवून, हातात चाबूक घेऊन, बापाला कैद करणाऱ्या वजिराचा समाचार घेते. 'मदर इंडिया' 1957 चा. तिथे नर्गिसच्या हातातली बंदूक पोटच्या पोरावर चालते, कारण तो गावातल्या मुलीला पळवून नेतोय. 1976 च्या 'नागिन'मध्ये रीना रॉय आपल्या जोडीदाराच्या मारेकऱ्यांना एकेक करून संपवते. इच्छाधारी का असेना, सूड घेणारी नायिका ती आहेच. मग 1980 चा 'इन्साफ का तराजू', 1987 चा 'प्रतिघात', आणि 1988 या एकाच सालात 'खून भरी मांग', 'ज़ख्मी औरत' आणि श्रीदेवीचा 'शेरनी'. 2012 साली 'कहानी' आला हे खरं. उत्तम सिनेमा आहे. पण तोवर हा प्रकार कधीच मुरलेला होता. गंमत म्हणजे ज्याने कोलाज केलं त्याने 1988 मधली रेखा घेऊन तिच्याखालीच '2012 नंतर' लिहिलंय. स्वतःचं पोस्टर तरी बघावं माणसाने.

आता कलम 233. हा बहाद्दर मजकूर नवा नाही, कित्येक वर्षं फिरतोय, आणि अनेकदा खोटा ठरलाय. भारतीय दंड संहितेचं कलम 233 होतं खोटी नाणी पाडण्याची हत्यारं बनवण्याबद्दल आणि विकण्याबद्दल. पुढे 1 जुलै 2024 पासून दंड संहिताच गेली, भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम 233 कशाबद्दल आहे? खोटा आहे हे माहीत असताना पुरावा वापरण्याबद्दल! ढकलपत्र लिहिणाऱ्याने ठरवून विनोद केला असता तरी इतका जमला नसता.

यात अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने. स्वसंरक्षणाचा अधिकार कायद्यात आहे. जुन्या संहितेत कलम 100, नव्यात 38. बलात्काराच्या इराद्याने हल्ला होत असेल तर तो परतवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो अधिकार लागू होऊ शकतो. पण कधीपर्यंत? हल्ला चालू आहे किंवा धोका समोर उभा आहे तोवर. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, वेश बदलून, प्लास्टिक सर्जरी करून परत आल्यावर नाही. म्हणजे नेमकं सूडपटात जे घडतं त्याला हे कलम लागू नाही. आत्मसंरक्षण आणि सूड यांत कायद्याने जी भिंत घातलीय तीच या ढकलपत्राने पाडलीय. आणि ते कुणाला पाठवलं जातंय? एकोणीस वर्षांच्या मुलींना. उद्या एखादीने यावर विश्वास ठेवला तर तिच्या वकिलाने न्यायाधीशांपुढे व्हॉट्सॲप वाचून दाखवायचं का?

खुद्द सिनेमेही असलं काही सांगत नाहीत. 'इन्साफ का तराजू'मध्ये झीनत अमानची भारती गोळी झाडते आणि पुढचा खटला तिच्यावर चालतो. श्रीराम राघवनच्या 'एक हसीना थी'मध्ये (2004) उर्मिलाची सारिका सैफ अली खानला गुहेत बांधून उंदरांच्या हवाली करते आणि नंतर स्वतःहून पोलिसांकडे जाते. तिथे समोर बसलेल्या पोलीस अधिकारी म्हणजे सीमा बिस्वास, दहा वर्षांपूर्वी 'बँडिट क्वीन'मध्ये फूलनदेवी झालेल्या. ही पात्रनिवड मला फार आवडते. पडद्याबाहेरचं उदाहरण हवं असेल तर तेही 2004 चंच आहे. नागपुरात कस्तुरबा नगरमधल्या बायकांनी वस्तीवर वर्षानुवर्षं अत्याचार करणाऱ्या गुंडाला कोर्टाच्या आवारात ठार केलं. त्यावर खटला चालला. त्यातले आरोपी 2014 मध्ये पुराव्याअभावी सुटले. दहा वर्षं! कुठल्याही कलमाने त्यांना दुसऱ्या दिवशी हार घालून घरी पाठवलं नाही.

आता ते ठळक अक्षरांतलं वाक्य. त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

'जी गप्प बसते तिच्या बाबतीत पाणी मुरतंय.' हा विचार सिनेमातून आलेला नाही. तो आपल्या न्यायालयाच्या निकालपत्रात छापून आला होता आणि त्याची लाज वाटून आपण कायदा बदलला. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचं ते प्रकरण. त्या मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणून ते ओळखलं जातं. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे सगळं शांततेत झालं, म्हणजे संमती होती.

रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, दार बंद, नातेवाईक बाहेर, समोर वर्दीतले दोघे. तिने ओरडून कुणाला बोलवायचं होतं? पोलिसांना?

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला गाभ्याचा मुद्दा साधा होता: संमतीत झुकणं असतं, पण प्रत्येक झुकणं ही संमती नसते. त्या पत्राने देश हलला. मुंबईत 1980 मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हाची. पुढे डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने 29 दिवसांत अहवाल दिला आणि 2013 च्या दुरुस्तीत स्वच्छ लिहिलं गेलं की बाईने अंगबळाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. आज ते न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. 233 नव्हे, 63. पाठच करायचं असेल तर हे करा.

यातच 'सिनेमांमुळे कायदे कडक झाले' या दाव्याचाही निकाल लागतो. चार जणांचं पत्र, मोर्चे काढणाऱ्या बायका आणि पोटाला चिमटा घेऊन वर्षानुवर्षं तारखांना जाणाऱ्या तक्रारदार, हे श्रेय त्यांचं. सिनेमा मागून आला. 'इन्साफ का तराजू' मथुरा निकालानंतर दोनच वर्षांनी आला आणि त्यातला पहिला खटला मावशीने नीट बघावा अशी माझी इच्छा आहे. आरोपीचे वकील डॉ. श्रीराम लागू. ते ओरडत नाहीत, टेबलावर मुठी आपटत नाहीत. थंडपणे विचारत जातात: तुम्ही मॉडेलिंग करता ना? त्याच्याशी ओळख होती ना? धाकटी बहीण दारात आली तेव्हा तुम्ही तिला हाक का नाही मारली? भारती गप्प राहिली, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. आरोपी सुटतो आणि पुढे त्याच धाकट्या बहिणीवर, पद्मिनी कोल्हापुरेवर, हात टाकतो. त्या सिनेमाची छायाचित्रण करणारी नजर मला अनेक ठिकाणी खटकते, अत्याचाराची दृश्यं गरजेपेक्षा कितीतरी रेंगाळतात. पण तो कोर्टाचा भाग आजही अंगावर येतो. आणि हे ढकलपत्र लिहिणारा गृहस्थ नायिकेच्या बाजूने बोलतोय असं समजून वाक्य लिहितो ते डॉ. लागूंच्या वकिलाचं!

याच कसोटीवर त्याच्या कोलाजमधल्या नायिका घासून बघू. सारिका सूटकेसमधल्या हत्यारांपायी अडकते आणि करणच्या (सैफ अली खान) वकिलाच्या सांगण्यावरून त्याचं नाव गिळून कबुली देते. गप्प. रेखाची आरती मगरीच्या तोंडातून वाचून आल्यावर पोलिसांत जात नाही, चेहरा आणि नाव बदलून परतते. गप्प. 'कहानी'तली विद्या तर अख्खा सिनेमाभर कोलकात्यात खोटं बोलत फिरते. म्हणजे वाघिणींच्या फोटोखाली जो नियम लिहिलाय त्याने पहिल्या फटक्यात वाघिणीच नापास होतात. त्या गप्प राहिल्या कारण बोलण्यासारखी परिस्थिती नव्हती. पडद्यावर हे आपल्याला दोन मिनिटांत कळतं. शेजारच्या घरातल्या मुलीच्या बाबतीत मात्र कळायला नको असतं.

आणि पडद्यावरच्या खलनायकाबद्दल एक गोष्ट. 'दुश्मन'मधला आशुतोष राणाचा गोकुळ पंडित बघून प्रेक्षक थिजतो, कारण तो अनोळखी आणि भयंकर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल बघा: नोंदवलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन देणारा. आता घ्या सूड. आईच्या भावावर? ज्याच्या पगारावर घर चालतं त्याच्यावर? नवऱ्यावर तर बोलायलाच नको. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर पतीने केलेली जबरदस्ती आजही न्याय संहितेतल्या बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. अशा घरात मुलगी गप्प बसते तेव्हा ती हिशेब करत असते, आणि तो हिशेब तिला एकटीलाच करावा लागतो. भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, हे तर वेगळंच. त्यात आजीने पाठवलेलं 'पाणी मुरतंय' वाचलं, तर त्या मुलीने कुणाकडे जायचं? माझ्या भाचीने ते एक अक्षरही न लिहिता का सरकवलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारायचं तेव्हा नीट विचारेन.

'कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या अपमानाचा सूड' हा दावा राहिला. दोन्ही भाग डळमळीत आहेत.

आधी 'स्वतःच्या'. भारती स्वतःवरच्या अत्याचारानंतर बंदूक उचलत नाही, बहिणीवर झाल्यावर उचलते. 'दुश्मन'मधली काजोल जुळ्या बहिणीसाठी लढते. 'कहानी'त नवऱ्यासाठी. 2017 या एकाच सालात रवीनाचा 'मातृ', श्रीदेवीचा 'मॉम' आणि देवाशीष मखिजाचा 'अज्जी' आले. आई, आई आणि आजी. हिंदी सिनेमा बाईच्या हातात शस्त्र देतो, पण शक्यतो दुसऱ्या कुणासाठी. लेकीसाठी मारलं तर ती दुर्गा. फक्त स्वतःसाठी मारलं तर पटकथालेखकाच्या कपाळावर घाम. म्हणून मला 'एक हसीना थी' एवढा जवळचा वाटतो. सारिकाला ना मुलगी आहे ना शहीद नवरा. तिला फसवलंय आणि तिला राग आलाय, बस. 'ज़ख्मी औरत'मधली डिंपलची पोलीस अधिकारीही याच माळेतली, सिनेमा कितीही भडक असला तरी.

मग 'मदतीशिवाय'. काजोलला लढायला शिकवतो अंध निवृत्त मेजर झालेला संजय दत्त. 'मॉम'मध्ये श्रीदेवीच्या मदतीला नवाजुद्दीनचा गुप्तहेर. आणि केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' (1987) बघा, जो या कोलाजमध्ये अर्थातच नाही. सुभेदाराला हवी असलेली सोनबाई, म्हणजे स्मिता पाटील, मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. गावातले पुरुष तिला सोपवून मोकळे व्हायला तयार. आतल्या बायकाही आधी तिच्यावरच चिडलेल्या, तुझ्यापायी आम्ही अडकलो म्हणून. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ (ओम पुरी) दार उघडायला नकार देतो आणि गोळी खातो. दार तुटतं आणि मग कांडलेल्या मिरचीची झोळी दोघी-दोघींनी धरून सुभेदाराच्या तोंडावर, मागून दुसरी, मागून तिसरी. सोनबाई विळा धरून उभी आहे, पण सुभेदाराला गुडघ्यावर आणतात त्या बाकीच्या. काही वेळापूर्वी तिच्यावर चिडलेल्या, त्याच. मला विचाराल तर या प्रकारातला सगळ्यात थरारक शेवट हाच, आणि त्यात एकटी वाघीण वगैरे काही नाही.

'अज्जी'मधली सुषमा देशपांडेंची आजीही पोस्टरात शोभणार नाही. गुडघे दुखतात, चालताना अंग एका बाजूला कलतं, शिवणकाम करून पोट भरते. नातीवर अत्याचार झाल्यावर पोलीस घरी येऊन प्रकरण मिटवायचंच बघतो. मग ती खाटकाकडे जाऊन मांस कापायला शिकते. सुरी नीट धरता येत नाही, ताकद पुरत नाही, कॅमेरा हलत नाही. बघताना आपल्याला वाईट वाटतं की हिला या वयात हे का करावं लागतंय. या सिनेमाने कुणाला 'सक्षम' वाटत असेल तर त्याने तो बघितलेला नाही.

एक मान्य करते. या सिनेमांनी, अगदी त्यातल्या बटबटीतांनीही, विषय घरात आणला. बलात्कार हा शब्द ज्या घरांत उच्चारला जात नव्हता तिथे 1980 नंतर निदान सिनेमाच्या निमित्ताने उच्चारला गेला. तेवढं श्रेय घ्या.

आणि मुलींना काही पाठवायचीच हौस असेल तर हे पाठवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 173 मध्ये त्याची तरतूद आहे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायचे, त्याच संहितेचं कलम 397. आणि निम्म्या सूडपटांची गाडी जिथून सुटते तो प्रसंग, म्हणजे तक्रार न घेता हाकलून देणारा पोलीस: अशा गुन्ह्यांत तक्रार नोंदवायला नकार देणं हाच गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम 199, किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं सक्तमजुरी, वर दंड.